हामटा, चंद्रताल आणि एक हिमनदी: सप्टेंबर अखेरचा बेत, जरा तपासून द्या

तापीकाठ (जळगाव) | ५ जुलै, रात्री १०:१२

रामराम मंडळी. आम्ही पाच जण: मी, दोन मित्र, त्यातल्या एकाची बायको आणि माझा भाचा (वय १७, बारावीचा अभ्यास सोडून बाकी सगळ्यात हुशार). सह्याद्रीत आणि सातपुड्यात भरपूर फिरलोय, हिमालयात पहिल्यांदाच. पाठीवर सॅक, आपला तंबू, शक्य तेवढं पायी.

२६ सप्टेंबरला पौर्णिमा आहे. त्या रात्री चंद्रताल या हिमाचलातल्या उंचावरच्या तलावावर असायचं, बाकी सगळं त्याभोवती बसवलंय. २१ला सकाळी मनालीत उतरणार, लगेच गाडीने जोब्रा आणि चालायला सुरुवात. २२ला बालू का घेरा, २३ला हामटा खिंड ओलांडून थेट छत्रू, २४ला छोटा शिगरी हिमनदी, २५ला चंद्रताल. २६ला सकाळी सूरज ताल हा दुसरा तलाव बघून संध्याकाळी परत चंद्रताल. २७ला मनाली आणि घर.

काही चुकत असेल तर सांगा. सूरज ताल नकाशावर अगदी जवळ दिसतो.

चौकातला_राजा (भुसावळ) | ५ जुलै, रात्री १०:३०

भो, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. म्हणजे विसर्जनाच्या दिवशी तू हिमाचलात? मंडळाचा खजिनदार कोण, मी का?

तापीकाठ | ५ जुलै, रात्री १०:३४

विसरलोच होतो. पण पौर्णिमा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, त्याला मी काय करू?

अस्तंबा_पायी (शहादा) | ६ जुलै, सकाळी ७:०५

विसर्जनाचं तुम्ही मंडळात मिटवा. बेतातली खरी गडबड दुसरीकडे आहे.

जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटरवर. आपला अस्तंबा सव्वातेराशे मीटर, तोरणमाळ त्याहून खाली, आणि साल्हेर जरी धरला तरी १,५६७. म्हणजे आपल्या सातपुडा-सह्याद्रीत आयुष्यभर फिरलात तरी शरीराने सतराशे मीटरच्या वरची हवा चाखलेली नाही. आता तुमच्या बेतात रात्रीची झोप कुठे आहे ते बघा. २०ची रात्र बसमध्ये. २१ला जोब्रा-चिका, म्हणजे तीन हजारांच्या वर. २२ला बालू का घेरा, सुमारे ३,६००. २३ला ४,२७० मीटरची खिंड. २५ला चंद्रताल, जवळपास ४,२५०. दोनशेवरून निघालेला माणूस मनालीत एक रात्रही न झोपता तीन हजारांवर झोपायला निघालाय.

तुम्ही दमसासाचे आहात यात शंका नाही. पण इथे दम बघितला जात नाही. उलट तगडी पोरंच जास्त फसतात, कारण त्यांना भरभर चढता येतं. साधा ठोकताळा असा: तीन हजारांच्या वर गेलं की रोजची झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस तिथेच थांबायचं.

सूरज तालबद्दल. नकाशावर वीतभर दिसतो, कारण चंद्रतालहून बारालाचा खिंडीकडे जाणारी पायवाट आहे, ती तीन-चार दिवसांची. गाडीने जायचं तर बातल, छत्रू, ग्रांफू, केलाँग असा अख्खा वळसा आणि मग बारालाचाची चढण. एका बाजूचं अंतरच दीडशे किलोमीटरच्या पुढे, आणि त्यातला बातल ते ग्रांफू तुकडा रस्ता कमी, नाला जास्त. सकाळी जाऊन संध्याकाळी परत? विसरा.

केळीबाग (रावेर) | ६ जुलै, सकाळी ९:४८

वरच्या दादांनी आकडे दिले, मी काय झालं ते सांगतो. २०२२च्या सप्टेंबरात आम्ही चौघे. चालायचं नव्हतंच, टॅक्सीने जाऊन तलाव बघायचा. मनालीत सकाळी उतरलो, आंघोळ, नाश्ता, निघालो. अटल बोगदा झाल्यापासून हीच गंमत आहे: नऊ किलोमीटरचं भोक, आत शिरताना हिरवीगार झाडी, बाहेर पडलो की उघडे डोंगर. संध्याकाळी पाचला चंद्रतालच्या तंबूत. दोन हजारांवरून सव्वाचार हजारांवर, एका दिवसात, बसल्या जागी.

सातला मेव्हण्याचं डोकं दुखायला लागलं. आम्ही म्हटलं प्रवासाचं. आठला त्याला उलटी, आम्ही म्हटलं राजमा बाधला. अकराला तो तंबूतून बाहेर निघाला आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. हा गडी माळकरी, चहा सोडून काही घेत नाही! तंबूवाल्याने बघितलं आणि एकच शब्द बोलला, "नीचे." ड्रायव्हर गाडीतच झोपला होता म्हणून निभावलं. रात्री त्या रस्त्याने छत्रूपर्यंत, मग पुढे सिस्सूला. सिस्सूत सकाळी मेव्हणा उठून पराठा मागतो. हजारभर मीटर खाली आला एवढाच काय तो उपचार.

ज्याने सहल ठरवून दिली होती त्याला नंतर विचारलं, मनालीत एक दिवस का नाही ठेवला? म्हणे, "आपने ही तो बोला था तीन दिन में सब दिखाओ." खोटं नव्हतं. आम्हीच बोललो होतो.

तुम्ही तर पायी जाणार. मधल्या मुक्कामावर कोणी आडवा झाला तर गाडीही नाही.

शेवभाजी_नंबर_१ (धुळे) | ६ जुलै, सकाळी १०:०२

माले बी ली चाला ना भो. पन तठे शेवभाजी भेटी का?

तापीकाठ | ६ जुलै, दुपारी १:२०

@केळीबाग, वाचून पोटात गोळा आला. बरं, सूरज ताल रद्द. पण छोटा शिगरीचा हट्ट आहे. भाच्याला हिमनदीवर पाय ठेवायचाय, त्याच्यासाठीच अर्धी सहल. लांबी जेमतेम नऊ किलोमीटर आहे. त्यात काय अवघड?

भूगोल_मास्तर (अमळनेर) | ६ जुलै, रात्री ९:१५

हिमनदी नऊ किलोमीटर लांब आहे म्हणजे नऊ किलोमीटरचा रस्ता आहे असं नव्हे, बाळा.

आधी भाच्याच्या मनातलं चित्र दुरुस्त करू. हिमनदी म्हटलं की पांढरीशुभ्र घसरगुंडी डोळ्यांपुढे येते. खालच्या टोकाला ती तशी नसते. वरून दगड, माती, चुरा पडून पडून तोंडाशी ती मुरमाच्या खदानीसारखी दिसते. बर्फ त्याखाली. दगडावर पाय टाकावा तर तो बर्फावरून सरकतो, आणि भेगा चुऱ्याखाली किंवा नव्या बर्फाखाली झाकलेल्या. वर पांढऱ्या भागात जायचं तर दोर, जाणता माणूस आणि सराव हवा. शिवाय छोटा शिगरी चंद्रा नदीच्या पलीकडे आहे, आणि मधे तिचं पाणी. २००२पासून शास्त्रज्ञ दरवर्षी तिथे जाऊन बर्फ किती वाढला, किती घटला याची मोजदाद करतात. हिमालयात इतकी सलग मोजणी फार थोड्या हिमनद्यांची आहे. तेही पूर्ण तयारीने जातात.

त्यापेक्षा छोटा दर्रा ते बातल या रस्त्यावर नदीपलीकडे नजर ठेवा. तिथे बडा शिगरीचं तोंड दिसतं. लांबी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, हिमाचलातली सर्वांत मोठी. म्हणजे अमळनेरहून चोपड्याच्या वाटेला लागलं तर बरंच पुढे जाईल एवढा बर्फ एका दरीत भरलेला. १८३६ साली ही हिमनदी पुढे सरकून चंद्रेत उतरली, नदी अडली, मोठा तलाव झाला, आणि शेवटी तो फुटून खालची दरी धुऊन गेली. ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. समोरच्या त्या राखाडी ढिगाकडे बघताना एवढं माहीत असलं की पाय ठेवला नाही तरी चालतं.

शिगरी म्हणजे तिकडच्या बोलीत हिमनदीच. त्यामुळे 'छोटा शिगरी हिमनदी' म्हणजे 'छोटी हिमनदी हिमनदी'. आपण 'लेडीज बायका' म्हणतो तसं.

शेवभाजी_नंबर_१ | ६ जुलै, रात्री ९:२१

मास्तरनं बराबर शे.

औषधाची_पेटी (धुळे) | ७ जुलै, सकाळी ६:५०

डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी. चार हजार तीनशे मीटरच्या आसपास प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात असतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली घंटा. अशा वेळी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. चालताना तोल जाणं, बडबडणं, बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच उतरायचं. केळीबाग यांच्या मेव्हण्याच्या झोकांड्या म्हणजे मेंदूला सूज यायची सुरुवात असू शकते. नशीब गाडी होती.

डायमॉक्सची (उंचीचा त्रास टाळायची) गोळी लोक चणे-फुटाण्यासारखी वाटतात. ती कोणी, किती, कधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. गोळी घेतली म्हणून चढायचा वेग वाढवायचा परवाना मिळत नाही. भाचा १७ वर्षांचा आहे, त्याला एक गोष्ट बजावून ठेवा: डोकं दुखलं की लपवायचं नाही. या वयातली पोरं मामासमोर कमीपणा नको म्हणून गप्प बसतात.

पाटणादेवी_एक्सप्रेस (चाळीसगाव) | ७ जुलै, दुपारी ३:३३

मी गेल्या वर्षी हामटा केलाय, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. बाईमाणूस म्हणून काही गोष्टी ज्या पुरुष लिहीत नाहीत. खिंडीच्या दोन्ही बाजूंना आडोसा असा नाहीच, मोठे दगड तेवढे. सोबतच्या वहिनींना आधी सांगा. उंचीवर पाळी पुढे-मागे होते, तारखेवर विसंबू नका, सगळं सोबत ठेवा आणि वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणायची पिशवीही. थंडीत रात्री तंबूबाहेर जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह होतो, तो टाळा. डॉक्टर सांगतीलच.

सॅक: मी चौदा किलोची घेऊन गेले होते, दुसऱ्या दिवशी रडले. दहाच्या वर नको. आत्तापासून सॅकमध्ये आठ किलो ज्वारी भरून चाला. मी पाटणादेवीहून पितळखोऱ्याच्या बाजूला दर रविवारी जायचे. जंगलखात्याचा माणूस दर वेळी विचारायचा, मॅडम, दळण कुठे नेताय?

वाटेत ओढे ओलांडावे लागतात, सियागोरूजवळचा (खिंडीपलीकडचा मुक्काम) सगळ्यात थंड. दुपारनंतर वरचं बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून सकाळीच ओलांडायचा. सगळ्यांनी हात धरून, बूट काढून, जाड सँडल घालून. पाय दोन मिनिटांत बधिर होतात. एकीची सँडल वाहून गेली ती बहुतेक चिनाबमार्गे पाकिस्तानात पोचली असेल.

कपडे: आपल्याकडे पारा आठावर आला की पेपरात बातमी येते. तिथे ऑक्टोबरात रात्री शून्याच्या खाली जातो, सकाळी बाटलीतलं पाणी घट्ट. आतून थर्मल, वर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, वारा अडवायला एक पातळ. सुती बनियन घरी ठेवा, घाम धरून ठेवतं आणि थांबलं की गारठवतं.

तापीकाठ | ७ जुलै, रात्री ११:४०

बायकोने धागा वाचला आणि म्हणाली, "पौर्णिमा पुढच्या महिन्यात पण असते." मग विचार आला, कोजागिरीच धरली तर? चंद्रतालवर दूध आटवायचं, केशर-वेलदोडा इथून न्यायचा! विसर्जनही होईल, नवरात्रही.

अस्तंबा_पायी | ८ जुलै, सकाळी ७:१५

यंदा अधिक महिन्यामुळे सगळे सण पुढे गेलेत. कोजागिरी थेट २५ ऑक्टोबरला. तोपर्यंत चंद्रतालचे तंबू गुंडाळलेले असतात, रस्ता कधीही बंद होतो, ढाबेवाले खाली उतरतात. दूध आटवायला जाल आणि मे-जूनपर्यंत तिथेच गोठाल.

सप्टेंबरही फार भरवशाचा नाही. २०१८च्या सप्टेंबरात तेवीस-चोवीस तारखेच्या सुमारास असा बर्फ पडला की लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले, हवाई दलाने हेलिकॉप्टर पाठवली. आणि २०२३ला तर भर जुलैत चंद्रतालवर अडीचशेहून जास्त पर्यटक अडकून पडले होते. म्हणून दोन दिवस हातचे राखून ठेवा. ते दिवस लागले नाहीत तर मनालीत बसून सफरचंदं खा.

आणि दूध तलावाच्या काठावर आटवू देणार नाहीत, हे बरंच आहे. काठावर तंबू, चूल सगळ्याला बंदी आहे, तळ दोन-तीन किलोमीटर अलीकडे. ही जागा २००५पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे.

चुलीवरची_आत्या (यावल) | ८ जुलै, सकाळी ११:०७

दूध नाही तर नाही, पण खायचं काय नेताय? कोणी बोलतच नाही.

चार हजार मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. खळखळ उकळलेलं दिसेल पण तुरीची डाळ दगडासारखी राहील, गॅस संपेल. तुरीची डाळ, राजमा, हरभरा घरी. मुगाची डाळ, तांदूळ, पोहे, रवा न्या. मुगाची खिचडी, वरून तूप. बिबड्या भाजून न्या, हलक्या आणि कुरकुरीत, तिथे भूक मेलेली असते तेव्हा त्याच चालतात. शेंगदाण्याची लसूण चटणी, मेथीचे नको कडू लागतात, डिंकाचे लाडू. केळीचे वेफर्स मात्र पाकीट फुगून फुटतं, डब्यात भरा. कळण्याची भाकरी दोन दिवस टिकते, ती गाडीत संपवा.

भरिताची वांगी कोणी नेऊ नका. आमच्या भाच्याने लडाखला नेली होती, गोठून पाणी झाली.

केळीबाग | ८ जुलै, दुपारी १२:३०

वेफर्सचं पाकीट फुटतं हे खरं. आमचं तर बोगद्याच्या पलीकडे गाडीतच फुटलं. ड्रायव्हरने ब्रेक मारला, त्याला वाटलं टायर गेला.

तापीकाठ | १२ जुलै, रात्री ९:५०

चार दिवस गप्प होतो, कारण आईशी बोलत होतो. आई मुक्ताईच्या पालखीत आहे, पंढरपूरच्या वाटेवर. मुक्कामावरून रात्री फोन येतो. तिला धाग्यातलं सगळं वाचून दाखवलं. तिला उंचीचं फार कळलं नाही, पण मनालीत न थांबता पुढे निघायचं होतं हे ऐकून म्हणाली, "पहिला मुक्काम चुकवून दिंडी निघते का कुठे?" ६१ वर्षांची बाई, कोथळीहून चालत निघालीय, आणि आम्ही पाच घोडे मनालीत एक रात्र काढायला तयार नव्हतो.

तर नवा बेत. विसर्जन करून २७ला रात्री भुसावळहून निघायचं. झेलम एक्सप्रेस अंबाल्याला उतरवते, तिथून बस. मनालीत दोन रात्री, काहीही न करता. (चौकातला_राजाही सोबत येतोय, मंडळाचा हिशोब गाडीत करणार म्हणे.) १ ऑक्टोबरला जोब्रा-चिका. २ला बालू का घेरा. ३ला तिथेच मुक्काम, दिवसा वर जाऊन खाली झोपायला. ४ला खिंड आणि सियागोरू. ५ला छत्रू. ६ला गाडीने चंद्रताल, तिथे दोन रात्री. येताना बडा शिगरीसमोर थांबून भाच्याला १८३६ची गोष्ट सांगायची. मग सिस्सू. दोन दिवस राखीव. छोटा शिगरी, सूरज ताल दोन्ही गाळले.

चंद्र मात्र गेला.

भूगोल_मास्तर | १२ जुलै, रात्री १०:०५

गेला कुठे? ६-७ ऑक्टोबरला कृष्ण पक्ष असेल, चंद्र पहाटेच्या आसपास उगवेल. म्हणजे संध्याकाळपासून आकाश काळंभोर. आकाशगंगा एवढी स्वच्छ की शुक्रताऱ्याशिवाय काही न ओळखणारेही तासभर मान वर करून बसतात. पौर्णिमेला ती दिसलीच नसती.

आणि येताना तांडीला वाट वाकडी करा, सिस्सूहून फार लांब नाही. चंद्रा नदी आणि सूरज तालातून येणारी भागा तिथे मिळतात. पुढे ती चंद्रभागा, आणि आणखी खाली चिनाब. तिकडे गोष्ट सांगतात की चंद्रा ही चंद्राची मुलगी, भागा सूर्याचा मुलगा, दोघं बारालाचाहून वेगवेगळ्या वाटांनी निघून तांडीला भेटले. सूरज ताल गाळलास, पण त्याचं पाणी तिथे हाताला लागेल.

तापीकाठ | १२ जुलै, रात्री १०:२२

मास्तर, हे आईला आत्ताच सांगितलं. दोन मिनिटं बोललीच नाही. मग म्हणे, दुसरी चंद्रभागा? तिकडे विठोबा आहे का? मी म्हटलं नाही, पण नदी खरी आहे. एक बाटली आण म्हणाली, पण "काचेची नको, फुटेल."

पाटणादेवी_एक्सप्रेस | १२ जुलै, रात्री १०:४०

पाव लिटरची प्लॅस्टिकची न्या, खाली येताना भरा. उगीच वर नेऊ नका, वजन.

चौकातला_राजा | १३ जुलै, सकाळी ८:००

रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २७ सप्टेंबरचं जुलैच्या अखेरीस. सकाळी आठला मी बसतो, सहा जणांची नावं-वयं पाठवा. खालचा बर्थ कोणाला हवाय ते आत्ताच भांडून घ्या. आणि हेडटॉर्च कोणाकडे जास्तीची आहे का? माझी विसर्जनात दरवर्षी पाण्यात जाते.

शेवभाजी_नंबर_१ | १३ जुलै, सकाळी ८:०४

मनाकडे दोन शेत. एक देस. पन सातवं नाव मन्हं टाक.